तिथीची पाऊणपट

समुद्रकाठचा माणूस भेटला की बापू त्याला नावगाव विचारायच्या आधी एकच गोष्ट विचारत: पौर्णिमेला तुमच्याकडे पाणी किती वाजता भरतं? बहरीनमध्ये, बाब अल बहरीन नावाच्या बाजारवेशीच्या मागच्या गल्लीत आमची ट्रॅव्हल एजन्सी होती. तिकिटासाठी तिथे तऱ्हेतऱ्हेची माणसं येत. केरळचे ड्रायव्हर येत, गोव्याचे कारकून येत, बंदरावरचे इंग्रज इंजिनियर येत. बापू काउंटरच्या टोकाला स्टुलावर बसलेले असत आणि गिऱ्हाईक पासपोर्ट खिशात घालून निघालं की हळूच म्हणत, "सर, फुल मून डे, युवर व्हिलेज, वॉटर व्हॉट टाइम?" बहुतेक लोक हसून निघून जात. एखाद्याला मात्र आपल्या गावची जेटी आठवे आणि तो दारातून परत येई.

मिळालेलं उत्तर बापू एका निळ्या वहीत लिहून ठेवत. डावीकडे गावाचं नाव, उजवीकडे एक आकडा. कोची, कराची, मोम्बासा, कुठली कुठली इंग्लंडमधली गावं. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक किनाऱ्याचा एक आकडा असतो. तो एकदा कळला की भिंतीवरचं कॅलेंडर बघून त्या किनाऱ्यावर कुठल्याही दिवशी भरती कधी आणि ओहोटी कधी, हे घरबसल्या सांगता येतं. आमचा गोवेकर टायपिस्ट त्यांना 'कॅलेंडर' म्हणे. शेठसुद्धा कधीकधी आतून हाक मारत, "कॅलेंडर को भेजो." मी त्यांना बापूच म्हणायचो. माझ्यावर त्यांचे उपकार होते.

ते आधी सांगतो. मी खानापूर तालुक्यातल्या एका सुताराचा मुलगा. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. मी बीए झालो तेव्हा वडिलांनी माझा निकाल दुकानाच्या फळीला खिळ्यानं ठोकला होता. बहरीनला मी एका बांधकाम कंपनीत टाइमकीपर म्हणून गेलो आणि आठव्या महिन्यात ती कंपनी बंद पडली. झिंज नावाच्या वस्तीत चौघांच्या खोलीत माझ्या शेजारच्या कॉटवर बापू होते. मी परतीच्या तिकिटाची वाट बघत दोन दिवस न जेवता पडून होतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे सुकटीची चटणी आणि भाकरी ठेवली आणि म्हणाले, "ऊठ रे ग्रॅज्युएट. शेठशी बोललोय मी. ग्रॅज्युएट आहे म्हटलं, घ्या. इंग्रजी पत्रं लिहील. तो घेतो म्हणालाय." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी ग्रॅज्युएटच. हाक मारताना त्या शब्दात त्यांना केवढा अभिमान वाटे. मला तो आधी कळला नाही, आणि कळला तेव्हा उशीर झाला होता.

बापू स्वतः मॅट्रिकला दोनदा नापास झालेले. त्यांचं गाव रत्नागिरीकडचं, खाडीच्या पलीकडचं. घरात पिढ्यान् पिढ्या माणसं पार करणारी होडी चालवायचं काम. खाडी म्हणजे भरतीला पाणी आणि ओहोटीला चिखल, त्यामुळे वेळ चुकली की होडी धक्क्याला लागत नाही आणि माणसं गुडघाभर चिखलात अडकतात. म्हणून त्यांच्याकडे पोरं अ आ इ च्या आधी तिथीची पाऊणपट शिकत. हिशोब सोपा होता. तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणायचं, जे येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता पाणी भरणार, सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी. त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या सुमाराला उधाण. बापू मला हे शंभरदा तरी समजावत. मी माळरानावरचा माणूस. आमच्याकडे पाणी विहिरीत असतं आणि उन्हाळ्यात तेही नसतं. मी हिशोब तोंडपाठ केला तो केवळ त्यांना बरं वाटावं म्हणून.

त्यांच्या व्हिसावर 'हेल्पर' असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात एजन्सीच्या सगळ्या टूर त्याच बांधत. बहरीनपलीकडे कधी न गेलेला माणूस पन्नास माणसांची दहा दिवसांची सहल अशी आखे, की कोणाचं जेवण उशिरा होऊ नये आणि कोणा म्हातारीला दीड तासापेक्षा जास्त वेळ बसमध्ये अडकून पडावं लागू नये. ब्रोशर, रेल्वेची वेळापत्रकं, जुने नकाशे त्यांच्या कॉटखाली पत्र्याच्या पेटीत असत. ते मराठीत बोलत, मी इंग्रजीत टाइप करत असे. कागदाखाली सही शेठच्या मोठ्या मुलाची असे. त्याला सगळे भाईसाहेब म्हणत.

आयर्लंड बापूंच्या आयुष्यात आलं ते नोराबाईंमुळे. नोराबाई सलमानियाकडे इस्पितळात नर्स होत्या आणि दरवर्षी सुट्टीचं तिकीट आमच्याकडून काढत. पहिल्याच भेटीत बापूंनी त्यांना आपला प्रश्न विचारला. त्यांनी हसून सोडून दिलं नाही. त्यांचे वडील कोळी होते, शेवंडं पकडायचे. बाईंनी वडिलांना पत्र लिहून विचारलं. दीड महिन्यानं उत्तर आलं, की आमच्याकडे पौर्णिमेला दुपारी बाराला पाणी सगळ्यात लांब गेलेलं असतं. बापूंनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग निळ्या वहीत आकडा लिहिला आणि म्हणाले, "आपली भरती ती त्यांची सुकती. बघ गंमत. हिशोब तोच, समुद्र तेवढा उलटा."

त्यानंतर दरवर्षी सुट्टीवरून येताना नोराबाई त्यांच्यासाठी काहीतरी आणत. एकदा गावाजवळच्या बेटाचा फोटो आणला. किनारा आणि बेट यांच्यामध्ये नुसती ओली वाळू, तिच्यात रांगेनं रोवलेले खांब. ओहोटीला माणसं त्या खांबांच्या कडेनं चालत बेटावर जातात आणि भरतीला खांब बुडतात. बेटावर बिनछपराचं एक चर्च, एक पवित्र मानलेली विहीर आणि बाईंच्या पूर्वजांची थडगी. बापूंनी तो फोटो कॉटच्या डोक्याशी लावला. आमच्या खोलीतल्या बाकीच्या कॉटांवर देव होते किंवा बायकामुलं होती. बापूंच्या बायकोचा फोटो पेटीत असे. एकदा मी त्यांना छेडलं, तर म्हणाले, "ती कुठे जाते? तिच्याकडे मला जायचंच आहे. इथे जाणं व्हायचं नाही, म्हणून डोळ्यांसमोर ठेवलंय."

ते जाणं होईल असं एकदा खरंच वाटलं. शेठचा धाकटा मुलगा काउंटरवर बसायला लागला आणि सुट्टीचं तिकीट काढायला येणाऱ्या नोराबाईंशी त्याचं जुळलं. घरात वर्षभर अबोला झाला, शेठच्या आईनं दोन उपास धरले आणि शेवटी तिनंच होकार दिला. लग्न एकदा इथल्या पद्धतीनं आणि एकदा बाईंच्या गावी करायचं ठरलं. गावचं लग्न ऑक्टोबरमध्ये होणार होतं, कारण त्याआधी बाईंच्या माणसांना मासेमारीतून उसंत नव्हती. शेठकडची बावीस माणसं निघणार होती. एवढ्या लांब जायचं तर आधी देश बघू, असं शेठच्या मनात आलं. डब्लिनपासून खाली कॉर्क, मग किनाऱ्या-किनाऱ्यानं किलार्नी, उंच कड्यांवरून गॉलवे, आणि शेवटी पश्चिमेच्या टोकाला क्लिफ्डनजवळ लग्न. लग्नाआधी वऱ्हाड बेटावर विहिरीच्या दर्शनाला यावं, एवढी एकच इच्छा बाईंच्या आजीची होती.

नोराबाई ऑफिसात येऊन शेठसमोरच म्हणाल्या, की बापू पाहिजेत. आमचा समुद्र इथे त्यांच्याइतका कोणाला माहीत नाही. शेठ हसले आणि म्हणाले, "ज़रूर. कॅलेंडर के बिना कैसे जाएँगे? इंशाल्ला, ये भी चलेगा." बापू उभे होते ते स्टुलावर बसले. त्या संध्याकाळी त्यांनी सूकच्या बाजारातल्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून एक जाड लोकरी कोट आणला. बहरीनच्या जूनमध्ये, घामानं भिजलेल्या आमच्या खोलीत, तो कोट घालून ते आरशासमोर उभे राहिले. आम्ही तिघं पोट धरून हसलो. तेही हसले, पण कोट काही बराच वेळ काढला नाही.

चार महिने त्यांनी दुसरा विषय काढला नाही. वऱ्हाडात काही माणसं सूर्यास्तानंतर न जेवणारी होती, म्हणून त्यांनी प्रत्येक गावचा सूर्यास्त शोधून काढला आणि जेवणं त्याच्या आत बसवली. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, अशी चौदा हॉटेलांना मी पत्रं टाइप केली. एका हॉटेलानं उलट विचारलं, की मग कोंबडी चालेल का? बसमध्ये समुद्र कुठल्या दिवशी कुठल्या बाजूला येईल हेही त्यांनी काढलं होतं, म्हणजे एकाच बाजूच्या माणसांना रोज समुद्र दिसू नये. आणि बेट त्यांनी ठेवलं बुधवारी, दुपारी बारा वाजता. त्या बुधवारी कोजागिरी होती. पाणी सगळ्यात लांब गेलेलं असणार, दोन तास आधी नि दोन तास नंतर निवांत. त्या लोकांची घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटी एक तास मागे जातात, पण लग्न त्याच्या आधी होतं, हेही त्यांनी नोराबाईंना विचारून पक्कं केलं होतं.

निघायच्या बारा दिवस आधी शेठनं मला आत बोलावलं. भाईसाहेब तिथेच होते. शेठ म्हणाले, की सोबत तू यायचंस. तिकडे हॉटेलवाल्यांशी बोलायचं, मोठी माणसं बरोबर आहेत, ग्रॅज्युएट आदमी असलेला बरा. बापूच्या कागदांवर हेल्पर आहे, इंग्रजी त्याचं असं, लोक हसतील. मी म्हणालो, की पण बापूंना सांगितलं होतं. भाईसाहेब म्हणाले, "वो समझ जाएगा. तुझे जाना है कि नहीं?"

मी जाणार नाही, असं मी म्हणू शकलो असतो. घरी दोन बहिणींची लग्नं होती आणि शेठची मर्जी जाईल अशी भीती होती, हे खरं आहे. पण त्याहून खरं हे, की मला जायचं होतं. दुकानाच्या फळीवर निकाल ठोकणाऱ्या वडिलांना आयर्लंडहून एक पत्र लिहायचं होतं.

खोलीवर गेल्यावर मी बापूंना कसंबसं सांगितलं. ते तांदूळ निवडत होते. त्यांनी सगळे तांदूळ निवडून पूर्ण केले. मग म्हणाले, "मीच सांगितलं होतं शेठला, ग्रॅज्युएट आहे म्हणून." एवढंच. मी निघालो त्या दिवशी त्यांनी तो कोट माझ्या हातात दिला. इथे मला त्याचं काय काम, म्हणाले. आणि बेटाच्या दिवसाचा कागद वेगळा, चौघडी करून माझ्या वरच्या खिशात ठेवला. इंग्रजी मजकुराखाली त्यांनी मराठीत स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: 'दिवस हलवू नये. हलवलाच तर तिथीची पाऊणपट धरावी.'

देश बापूंनी सांगितला होता तसाच होता. मी याच्याहून कडू गोष्ट या सगळ्यात कोणती सांगू? कॉर्कच्या पुढे रस्त्याकडेला लाल फुलांची कुंपणं अजून फुललेली असतील, म्हणाले होते. होती. डोंगरांवरचं नेचं गंजल्यासारखं तांबडं झालेलं असेल. झालं होतं. गावागावांतून जळत्या मातीचा वास येत होता, कारण तिथे दलदलीतली माती वाळवून चुलीत घालतात, तेही त्यांनी सांगून ठेवलं होतं. दगडावर दगड रचलेले बिनचुन्याचे बांध बघून मला माझ्या गावचा माळ आठवला. समुद्र रोज ज्या बाजूला सांगितला त्याच बाजूला येत होता आणि बसमधली माणसं मला शाबासकी देत होती. मी ती घेत होतो.

रविवारी सकाळी, गॉलवेच्या पुढच्या एका हॉटेलात नाश्त्याच्या वेळी भाईसाहेबांनी दिवस हलवला. बुधवारी मोठं वादळ येणार असं रेडिओवर म्हणतात, आज आकाश उघडं आहे, विहीर आजच, त्याच बाराच्या वेळेला, उरकून टाकू. नोराबाई आपल्या गावी लग्नाच्या तयारीत होत्या, त्यांना कळवायला वेळ नव्हता. ड्रायव्हर डब्लिनचा होता, त्यानं ते बेट कधी पाहिलं नव्हतं. बस निघाली. मी सवयीनं खिशातला कागद काढला.

बुधवारी पौर्णिमा, म्हणजे रविवारी द्वादशी, म्हणजे बाराची पाऊणपट. बारा पाऊणे नऊ. आपली भरती ती इथली सुकती, तेव्हा सकाळी नऊला सुकती होऊन गेलेली असणार, म्हणजे आम्ही पोचू तेव्हा पाणी परत येत असणार. हे गणित माझ्या डोक्यात अर्ध्या मिनिटात झालं. मी घड्याळ बघितलं. साडेदहा वाजले होते.

भाईसाहेब माझ्या पुढच्या सीटवर होते. मागे वळून म्हणाले, "क्या देख रहा है इतना?"

सुटातली माणसं होती. बँकेचे एक मोठे साहेब होते. या लोकांसमोर उभं राहून, आज द्वादशी आहे, आमच्या कोकणातले एक गृहस्थ असा हिशोब करतात, म्हणून थांबा, असं म्हणायचं मला धैर्य झालं नाही. मला पंचांगाची लाज वाटली. मी ग्रॅज्युएट होतो.

"कुछ नहीं, भाईसाहेब," मी म्हणालो आणि कागद खिशात टाकला.

किनाऱ्यावर पोचलो तर समोर कोरडी ठणठणीत वाळू. फोटोतले खांब, रांगेनं, बेटापर्यंत. मला हायसं वाटलं. बापूंचा हिशोब चुकला, असं वाटून बरं वाटलं. हे मी चाळीस वर्षांत कोणाला सांगितलेलं नाही. आम्ही सगळे चालत गेलो. शेठच्या आईला दोघांनी खुर्चीवर उचलून नेलं. विहीर बेटाच्या पार पलीकडच्या बाजूला होती. तिथे म्हातारीनं हळदकुंकू वाहिलं, नारळ वाढवला, फोटो झाले, बरोबर आणलेले ठेपले खाल्ले. साडेबाराला परत आलो तर खांबांच्या मधोमध पाणी दोन्ही बाजूंनी येऊन एक झालं होतं. लाट नाही, आवाज नाही. दूध उतू जाण्याआधी जसं नुसतं वर येतं तसं ते वर येत होतं. एकजण पॅन्ट दुमडून शिरला आणि कमरेपर्यंत भिजून परत आला.

मग पाऊस आला. बेटावर दोनच घरं होती आणि दोन्ही उन्हाळ्यानंतर बंद केलेली. आम्ही त्या बिनछपराच्या चर्चच्या भिंतीला लागून बसलो, बावीस माणसं आणि मी, संध्याकाळी सातपर्यंत. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या माणसांचा सूर्य तिथेच मावळला. मी शेठच्या आईला बापूंचा कोट घातला, पण तोही भिजला. पाणी उतरल्यावर समोरच्या किनाऱ्यावरून एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. म्हातारीला रात्रीच ताप भरला आणि नातवाचं लग्न झालं तेव्हा ती गॉलवेच्या इस्पितळात होती. त्या लग्नाला शेवटी होकार तिनंच दिला होता.

त्याच संध्याकाळी भाईसाहेबांनी मला विचारलं, की बाराची वेळ कोणी घातली? मी म्हणालो, बापूंनी. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. लग्नाच्या दिवशी नोराबाईंनी मला बाजूला घेतलं. बापू का आले नाहीत, म्हणून विचारलं, आणि मग म्हणाल्या, की बापू पाण्याची वेळ चुकणार नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, की माणूस आहे, होतं कधीकधी.

बहरीनला परतल्यावर शेठनं बापूंना आत बोलावलं. मला शेजारी उभं केलं. भाईसाहेबांनी सगळं सांगितलं, दिवस हलवल्याचं सोडून. बापू ऐकत होते. सगळं झाल्यावर ते शेठकडे न बघता माझ्याकडे वळले आणि मराठीत विचारलं,

"कुठल्या दिवशी गेलात?"

"रविवारी," मी म्हणालो.

त्यांचे ओठ जरा हलले. बारा पाऊणे नऊ.

"मग पाणी बरोबर आलं," बापू म्हणाले.

शेठला मराठी येत नव्हतं. ते म्हणाले, "क्या बोला?"

"कुछ नहीं, शेठ. गलती हो गई."

मला त्यांनी वाचवलं, की तीच माझी शिक्षा होती, हे मला अजून कळलेलं नाही. तेव्हा मी मान खाली घालून उभा होतो आणि मनात म्हणत होतो, की आता हे बोलून टाकावं, आता. बाहेर गल्लीत कोणीतरी हातगाडीवाला 'यल्ला, यल्ला' ओरडत वाट मोकळी करत होता. तो पुढे गेला, आवाज विरला, आणि शेठ म्हणाले, "खलास. इसका व्हिसा कॅन्सल करो."

अकरा वर्षांच्या नोकरीनंतर त्यांचा पासपोर्ट ऑफिसच्या तिजोरीतून कायमचा त्यांच्या हातात आला. त्यांनी तो एकदा उघडून बघितला. मुंबई आणि बहरीन, मुंबई आणि बहरीन, बाकी सगळी पानं कोरी. खोलीत शेवटचे चार दिवस ते माझ्याशी नेहमीसारखं बोलले. फक्त 'ग्रॅज्युएट' म्हणाले नाहीत आणि अरे-तुरेही नाही. चहा घेता का, विचारायचे. जाताना निळी वही नेली, बेटाचा फोटो नेला. कोट मी धुऊन, वाळवून त्यांच्या पेटीवर ठेवला होता. तो खिळ्याला तसाच टांगून गेले.

बापूंचं स्टूल मला मिळालं. वर्षभरात स्टुलाची खुर्ची झाली आणि माझ्या कार्डावर 'टूर मॅनेजर' छापलं गेलं. दोन्ही बहिणींची लग्नं थाटात झाली. वडील गावात सांगत, की मुलगा साहेब झाला.

तीन वर्षांनी सुट्टीवर आलो तेव्हा बापूंच्या गावी गेलो. खाडीच्या अलीकडे एसटी थांबली, तिथून होडी. पलीकडच्या धक्क्याच्या पायरीवर बापू बसले होते. होडी आता पुतण्या चालवत होता, बापू वेळ सांगत. केस पांढरे झाले होते. मला बघून उठले. या साहेब, म्हणाले. घरी नेलं नाही, तिथेच टपरीवर चहा सांगितला. नोराबाई बऱ्या आहेत का, विचारलं. मुलगी झाली, सांगितल्यावर त्यांना बरं वाटलं. मग पाण्याकडे बघत राहिले.

मी मुंबईपासून तोंडात एकच वाक्य घेऊन आलो होतो. ते बाहेर आलं तेव्हा मलाच त्याचा आवाज ओळखू आला नाही.

"बापू, त्या दिवशी बसमध्ये मी गणित केलं होतं. नऊ आले होते."

बापूंनी कप खाली ठेवला.

"माहीत आहे," ते म्हणाले. "ते तुम्हाला येत होतं. मीच शिकवलं होतं. म्हणून तर शेठसमोर दुसरं काही विचारलं नाही."

मी काहीतरी बोलायला लागलो. त्यांनी हात वर केला. रागानं नव्हे, होडीवाल्यांना थांबवताना करतात तसा.

"आज दशमी. दीडला सुकती. बारानंतर होडी धक्क्याला लागत नाही. निघा तुम्ही आता, नाहीतर इथे अडकाल."

"मी थांबतो की, बापू. संध्याकाळी जाईन."

"नको," बापू म्हणाले. "पाणी असताना जावं माणसानं."

पुतण्यानं हात देऊन मला होडीत घेतलं. मी मागे वळून हात हलवला. बापू खाली वाकून पायरीवरची ओली खूण बघत होते, पाणी किती उतरलं ते. होडी सुटली तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं कमी होती. मधल्या पाण्यात पोचून पुन्हा वळून बघितलं, तर धक्क्याखालचा काळा चिखल उघडा पडायला लागला होता.